प्रश्नवाल्या बाई

माझी थोरली जाऊ म्हणजे एक प्रकरणच होतं. आमच्या गल्लीत तिला कुणी नावाने ओळखत नसे. ‘प्रश्नवाल्या बाई कुठे राहतात?’ असं विचारलं की भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे आमच्या दाराकडे बोट दाखवायचे. मी तिला जाऊबाई म्हणायची, आणि रागावले की काहीच म्हणायची नाही. वयात फारसं अंतर नव्हतं, त्यामुळे अहो-जाहो लग्नानंतर लवकरच संपलं आणि भांडणं सुरू झाली. मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको.

ती खासदारांच्या कार्यालयात कामाला होती. कार्यालय कसलं, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कुरकुरणारा लाकडी जिना, वर एक लांब बाकडं, एक टेबल, एक फोन, आणि युद्ध सुरू झाल्यापासून खिडकीच्या काचांवर चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. बाकड्यावर सकाळपासून माणसं येऊन बसायची. कुणाच्या मुलाला बर्फातल्या ठाण्यावर धाडलेलं आणि बूट दिलेले भलत्याच मापाचे. कुणाचं लग्न तोंडावर आलेलं आणि नवऱ्यामुलाची रजा रद्द. दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बायका यायच्या. त्यांची पाळी सुटेपर्यंत रेशनच्या दुकानातला पाव संपलेला असायचा. जाऊबाई प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि त्यातून संसदेत विचारायचा प्रश्न तयार करायची. खासदार तो सभागृहात विचारायचे आणि मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागायचं.

त्या प्रश्नाचे नियम मोठे कडक. त्यात राग चालत नाही, टोमणा चालत नाही, विशेषण चालत नाही. आणि मुख्य म्हणजे कुणा एकट्याची गोष्ट चालत नाही. एकाच माणसाचं गाऱ्हाणं दिसलं की प्रश्न पहिल्याच टेबलावरून परत. त्यामुळे फोन उचलला की तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं. ‘‘खासदारांचं कार्यालय. नाव नंतर सांगा, आधी तक्रार बोला.’’ समोरचा रडत असो नाहीतर ओरडत असो, तिच्या आवाजाची पट्टी बदलायची नाही.

हा कारभार ती घरीही चालवायची. ‘‘दूध उतू गेले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्या वेळी धाकट्या जाऊबाई कोठे होत्या?’’

‘‘खरे आहे,’’ मी म्हणायची. ‘‘धाकट्या जाऊबाई गच्चीवर थोरल्या जाऊबाईंचेच कपडे वाळत घालत होत्या!’’

मी म्हटलं, आज भयंकर उकडतंय, की ती मान वर न करता म्हणायची, ‘‘भयंकर काढ.’’ मी म्हटलं, घरमालक महा चेंगट आहे, की म्हणायची, ‘‘महा काढ.’’ आमचे हे गालातल्या गालात हसायचे. त्यांना काय! ते मुळात बोलतच नसत, त्यामुळे त्यांचं कुणी काही काढत नव्हतं.

माझे दीर फार लवकर गेले. मागे एकच मुलगा. मला मूलबाळ नाही, त्यामुळे तो अर्धा तिचा आणि पाऊण माझा, असं मी सगळ्यांना सांगायची. शाळा सुटली की तो कार्यालयाच्या त्या बाकड्यावर बसून गृहपाठ करायचा. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून तिथला नंबर त्याला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला होता. मोठा झाला, सैन्यात गेला, आणि युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात सैन्याकडून निरोप आला. जखमी. प्रकृती स्थिर. आघाडीच्या मागच्या रुग्णालयात हलवले आहे.

बस्स, एवढंच. कोणतं रुग्णालय, कुठे लागलं, किती लागलं, काही म्हणजे काही नाही.

जन्मभर लोकांची विशेषणं काढणारी ती बाई त्या एका ‘स्थिर’ला धरून बसली. भांडी घासता घासता मध्येच विचारायची, ‘‘स्थिर म्हणजे काय गं?’’

‘‘स्थिर म्हणजे बरा.’’

‘‘बरा असता तर ‘बरा’ म्हटलं असतं.’’

मी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि स्वतःच घासायला लागले.

मी आपली पेटले. ‘‘अगं, तुझे खासदार काय शोभेला आहेत का? लावू दे की फोन!’’ त्या भल्या माणसाने फोन लावलाही होता. सैन्याच्या कचेरीतून उत्तर आलं की रुग्णालयांची ठिकाणं गुप्त असतात. गुप्त म्हणे! आईपासून गुप्त! हवाई हल्ल्याची भीती असते वगैरे मला आमच्या ह्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यावरही घसरले.

मग बाकड्यावर तशीच माणसं यायला लागली. एक म्हातारे शिंपी, एक शाळेतली बाई, एक लोहाराची सून कडेवर पोर घेऊन. सगळ्यांकडे तोच निरोप, तोच ‘स्थिर’. जाऊबाई त्यांना पाणी द्यायची, ऐकून घ्यायची, आणि ‘माझंही तेच आहे’ हे काही बोलायची नाही. मला तिचा इतका राग यायचा! अगं, सांग ना त्यांना, जरा तरी हलकं वाटेल, असं मी म्हणायची. ती म्हणायची, ‘‘ते माझ्याकडे सांगायला येतात. मीच रडायला लागले तर त्यांनी जायचं कुठे?’’

एका संध्याकाळी काळे पडदे ओढून आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. तिने प्रश्न तयार केला आणि मला वाचून दाखवला. ऐकून मी थक्कच झाले. ‘हे निर्दयी सरकार’, ‘काळजी करकरून अर्धमेल्या झालेल्या आया’, आणि ‘माझा एकुलता एक मुलगा’ असं सगळं त्यात होतं. वाचताना तिचा आवाज थरथरत होता.

मी हळूच म्हटलं, ‘‘निर्दयी काढ.’’

तिने माझ्याकडे असं पाहिलं की आता लाटणंच फेकून मारते.

‘‘अर्धमेल्या काढ,’’ मी म्हटलं. मला पुढचं बोलवत नव्हतं, पण बोलले. ‘‘आणि... तोही काढ. नाहीतर प्रश्न परत येईल. तूच सांगत असतेस ना सगळ्यांना?’’

मग ती रडली. निरोप आल्यापासून पहिल्यांदाच रडली. मीही रडले. आमचे हे उठून उगीचच चहा ठेवायला गेले आणि साखर घालायला विसरले. आम्ही तो तसाच प्यायलो. नंतर डोळे पुसून तिने स्वतःच्या मुलाला त्या प्रश्नातून काढलं आणि सगळ्यांच्या मुलांना त्यात घातलं. ‘जखमी सैनिक कोणत्या रुग्णालयात आहेत, हे त्यांच्या कुटुंबीयांना कळवले जात नाही, हे खरे आहे काय, असल्यास, सैनिक व कुटुंबीय यांचा संपर्क व्हावा यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करीत आहे, नसल्यास, त्याची कारणे काय?’

कुणाचा प्रश्न कधी येणार हे सोडत काढून ठरतं. आमचा प्रश्न यादीत लागला, पण खाली. प्रश्नांना तासभरच मिळतो. तेवढ्यात नंबर आला तर मंत्र्यांना सगळ्यांसमोर तोंडी उत्तर द्यावं लागतं. नाही आला तर लेखी उत्तर येतं, आणि लेखी उत्तर म्हणजे ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’. जाऊबाईने अशी उत्तरं पोत्याने पाहिली होती.

आम्ही दोघी प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. तिथे बोलायचं नाही, हात हलवायचा नाही, टाळी वाजवायची नाही. दाराशी उभा असलेला पहारेकरी नुसता आमच्याकडे टक लावून बघत होता, जसं काही आम्ही खुर्च्याच पळवणार होतो! खाली एकेक प्रश्न निघाला. तंबूच्या कापडावर एका गृहस्थांनी असं काही पाल्हाळ लावलं की मला वाटलं, त्यांना त्याच कापडात गुंडाळून ठेवावं. माझा सगळा जीव भिंतीवरच्या घड्याळात.

अखेर आमच्या खासदारांचा पावाचा प्रश्न आला. आमचा त्याच्या लगेच खाली. मंत्री उभे राहिले आणि सरळ म्हणाले, ‘‘होय, खरे आहे. कारखान्याची पाळी सुटल्यावर पुन्हा दुकानं उघडण्याचा आदेश काढण्यात येत आहे.’’ मला वाटलं, झालं, सुटलो! तर आमच्या खासदारांनी खिशातून कागद काढला आणि उपप्रश्न विचारायला सुरुवात केली. पिठाचा साठा किती? भट्ट्यांना कोळसा पुरतो का?

मी जाऊबाईकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

‘‘मीच लिहून दिलेत,’’ ती ओठ न हलवता पुटपुटली. ‘‘मंत्री नाही म्हणतील असं धरून भरपूर लिहून दिलेत. एकही सोडू नका असं बजावलंय.’’

म्हणजे बघा! बाईचे स्वतःचे उपप्रश्न बाईच्याच पोराचा वेळ खात होते, आणि ती वर बसून बघत होती. हात करायची सोय नाही, हाक मारायची सोय नाही. काटा पुढे सरकत होता आणि खासदार चष्मा पुसून पुढचा उपप्रश्न शोधत होते.

तेव्हा मला खोकला आला. आता तो आला की आणला, ते माझं मला माहीत. पण असा खोकला आला की खालच्या दोन-तीन मंत्र्यांनी वर पाहिलं. पहारेकरी धावत आला. मी त्याला खुणेनेच विचारलं, खोकायलाही बंदी आहे का? आणि पुन्हा खोकले. खासदारांनी वर पाहिलं. त्यांना आधी मी दिसले आणि मग माझ्या शेजारी जाऊबाईचा चेहरा दिसला. त्यांनी कागदाची घडी घातली, ‘‘माझं समाधान झालं आहे’’ असं म्हणाले आणि खाली बसले.

आमचा नंबर पुकारला तेव्हा तास संपतच आला होता. वेळ कमी, त्यामुळे मंत्र्यांना भाषण ठोकता आलं नाही. त्यांनी उत्तर वाचलं ते असं: रुग्णालयांची ठिकाणं सांगता येणार नाहीत. मात्र प्रत्येक रुग्णालयात एक फोन जखमींसाठी मोकळा ठेवला जाईल, आणि प्रत्येकाला आळीपाळीने घरच्यांशी बोलू दिलं जाईल. जो बोलू शकत नसेल, त्याच्या वतीने परिचारिका बोलेल. बाकं वाजली, लगेच घंटाही झाली. जाऊबाईने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगडीचा वळ उठला.

पण त्या दिवसापासून एक नवीन धास्ती लागली. फोन आला आणि पलीकडे बाईचा आवाज असला तर? तर तो बोलू शकत नाही असा अर्थ. जाऊबाईने हे बोलून दाखवलं नाही, मीही नाही. पण मी रोज दुपारी तिचं जेवण पोचवायच्या निमित्ताने कार्यालयात जायला लागले आणि लवकर निघेनाशी झाले.

ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी कार्यालयाचाच नंबर सैन्याकडे कळवला होता, त्यामुळे लोहाराच्या सुनेसाठी फोन तिथेच आला, सगळ्यांच्या आधी. मग शिंप्यांचा. म्हातारा त्या फोनवर नुसता ‘‘हो बाळा, हो बाळा’’ करत राहिला. आमचा काही येईना.

असंच एका दुपारी बाकडं भरलेलं होतं. एक आजोबा पेन्शनचं गाऱ्हाणं सांगत होते, आणि मी डबा सोडत होते. फोन वाजला. जाऊबाईने आजोबांकडेच बघत उचलला. ‘‘खासदारांचं कार्यालय. नाव नंतर सांगा, आधी तक्रार बोला.’’

तो फोन असा होता की पलीकडचं बोलणं बाकड्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आधी खरखर, कुणाचं तरी खोकणं, आणि मग एका पुरुषाचा आवाज.

‘‘तक्रार काही नाही.’’

‘‘मग फोन कशाला केलात?’’ जाऊबाई म्हणाली. ‘‘इथे माणसं खोळंबलीत.’’

‘‘इथेही खोळंबलीत,’’ तो आवाज म्हणाला आणि हसला. ‘‘आई, पाय मोडलाय. हाड बसवलंय. बाकी तक्रार काही नाही.’’

माझ्या हातातला डबा खाली पडला तो तसाच राहिला. जाऊबाई उभी होती ती मटकन खुर्चीत बसली. मग तिने विचारलं ते हे, ‘‘तुझ्या मागे किती जण आहेत?’’

‘‘पुष्कळ. पार दारापर्यंत.’’

‘‘मग ठेव. मागच्याला दे.’’

‘‘अगं, पण काकू...’’

‘‘काकू इथेच आहे. रडतेय. छान आहे. ठेव, राजा. त्यांचीही घरी वाट बघतायत.’’

‘‘अगं, थांब, मला दे!’’ मी टेबलावरून झेपच घेतली. तोवर तिने ठेवलाही होता. मी तिच्यावर इतकी ओरडले, इतकी ओरडले की खालचा सायकलवाला पाना हातात घेऊन वर आला. पाऊण माझा आहे तो, तू कोण ठेवणारी! ती ऐकत होती आणि हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हती. पेन्शनवाले आजोबा उठले आणि त्यांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. बाकड्यावरच्या माणसांना तेव्हा कळलं की बाईंचाही मुलगा तिकडेच होता.

घरी येताना ती माझ्या दंडाला धरून चालत होती. गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘मला भयंकर आनंद झालाय गं. महाभयंकर.’’

मी त्यातलं काहीही काढलं नाही.