पोट साफ व्हावे म्हणून झरीला

डॉक्टरांनी तपासून सांगितले की काही गंभीर नाही. रोज चूर्ण घ्यायची सवय सोडा आणि खाणे सुधारा. मी परभणीत मोबाईलच्या दुकानात दिवसभर बसून असतो, जेवण मेसचे. चूर्णाशिवाय पोट कधी साफ होईल ही आशाच सुटली होती. म्हणून शुक्रवारी सुट्टी काढून झरीला मामाकडे निघालो. चूर्णाची डबी मुद्दाम खोलीवर ठेवली.

परभणीहून जिंतूरकडे जाणारी एसटी घ्यावी. गर्दी असते, पण तासाच्या आत झरी येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी आणि करडई उभी होती. हेच खायला मी निघालो होतो.

पण आमच्याकडे भाच्याला देवासारखे मानतात. दारातच मामाने माझ्या पायांवर पाणी घातले, मामी पाया पडली आणि ताटात पुऱ्या, भजी, शिरा आला. जी बाई आत्ताच आपल्या पाया पडली, तिला पोटाचे कसे सांगावे? मी मुकाट्याने खाल्ले. शनिवारी सकाळी पुन्हा पुऱ्या. पोट दगडासारखे झाले.

दुपारी शेतात धीर करून मामाला सगळे सांगितले.

"म्हणून तोंड पाडून बसलास व्हय?" मामा म्हणाला. "मला वाटलं नोकरी गेली."

घरी येताच त्याने ते मामीला मोठ्याने सांगितले.

"आमी भाकरी खायलाव अन् तुला पुऱ्या चारायलाव," मामी म्हणाली. "लेकरा, आधी सांगायचं न्हाई का?"

संध्याकाळपासून ज्वारीची भाकरी, करडईची पालेभाजी, जवसाची चटणी, ताक. मधल्या वेळेला पेरू. रविवारी काहीच झाले नाही आणि डबीची फार आठवण आली. सोमवारी पहाटे, निघायच्या आधी, पोट साफ झाले. चूर्णाशिवाय.

कुणाला असे करायचे असेल तर पालेभाजी हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगते. दुखत असेल किंवा रक्त पडत असेल तर आधी डॉक्टर.

आता मेसच्या काकू सांगितल्यावर भाकरी देतात. रोज नाही, पण दिवसाआड चूर्णाशिवाय पोट साफ होते. मामा मात्र रोज सकाळी दुकानात फोन करतो आणि पहिला प्रश्न पोटाचाच विचारतो. गिऱ्हाईक समोर उभे असते. मी खरे ते सांगतो.