डोक्यावरची सरकी

लग्न होऊन परतूरला आले तेव्हा डोक्यावर कुणी चालतं, ही गोष्टच मला नवी होती. माझं माहेर जांबेकडचं, शेतकऱ्याचं, एकमजली. इथं आम्ही एका आडत्याच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली होती आणि आमच्या वरच्या माडीत तो सरकीची, म्हणजे कापसाच्या बियांची, पोती साठवायचा. हमाल पोतं टाकत, धप्प आवाज होई, आणि परातीतल्या पिठावर लाकडाचा भुसा पडे.

मधल्या तुळईला लांब भेग होती. मी अंथरूण एकदा भिंतीकडं सरकवायची, एकदा दाराकडं. चूलही हलवली. खोली होती केवढी! कुठंही बसलं तरी नजर वरच.

आमचे हे कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर कामाला होते. म्हणाले, "सागवान हाय. तू उगंच घोर लावून घेतीस."

मग मी पानाचा चुना भेगेत भरला. काही दिवसांत तो मधोमध फाटला, म्हणजे भेग वाढत होती. ते पाहून यांनी घरमालकाला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "चुना सुकला की तडकतोच. बिलकुल भिऊ नका." तक्रार करायची तर तेव्हाच्या संस्थानी कचेरीत अर्ज उर्दूत लिहून घ्यावा लागे, आणि त्या आडत्याची तिथं रोजची उठबस. यांनी तो विषयच सोडला. मला सोडता येईना. मला दिवस गेले होते.

संक्रांत आली. माझी पहिलीच. मी घरमालकिणीला हळदीकुंकवाला बोलावलं. मोठी करारी बाई. हमालसुद्धा तिला वचकून असत. मी घोंगडी मुद्दाम तुळईखाली अंथरली. कुंकू लावून वाण हातात देते तोच वर पोतं आपटलं. तिच्या पदरावर, तिळगुळाच्या ताटात भुसा भुरभुरला.

"हे काय पडून राह्यलं गं?"

"काकू, वर तुमची सरकी हाय न्हाई का."

तिनं मान वर केली. भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग वाण तसंच हातात धरून अंगणात गेली आणि जिन्यावरच्या हमालांवर ओरडली, "थांबा! एक पोतं वर जायचं न्हाई. वरची बी जल्दी खाली घ्या. पोरगी पोटुशी हाय, खाली झोपती ती!"

घरमालक बैठकीतून धावत आला. "अगं, पण पोती ठेवू कुठं?"

"तुमच्या गादीवर ठेवा."

संध्याकाळपर्यंत माडी रिकामी झाली. तुळई मात्र बदलली नाही. घरमालक पावसाळ्याआधी बदलतो म्हणाला आणि खोलीच्या मध्यावर बाभळीचा टेकू ठोकून दिला. आम्ही त्याला वळसा घालून वावरू लागलो. सकाळी उठलं की मी आधी तो हलवून बघायची.

"आता तरी झालं ना तुझं?" हे वैतागून म्हणाले.

"न्हाई झालं. बाळंतपणाला चालले. परत यीन ती दुसऱ्या घरात."

हे रागावले, दोन दिवस अबोला धरला. पण मी माहेरी असताना त्यांनी धनगरगल्लीत एक खोली शोधली. मातीच्या भिंती, वर पत्रा. दुपारी अंगाची लाही व्हायची, लेकरू रडून हैराण करायचं.

तिथं ती घरमालकीण एकदा बाळंतविडा घेऊन आली. लेकराला मांडीवर घेतलं. मी विचारलं, "काकू, आमच्या खोलीत कोण राहतं आता?"

"कुणी न्हाई. तुळई तशीच हाय, पडली बिडली न्हाई. पण मी आमच्या ह्यान्ला भाडेकरू ठेवू देत न्हाई. सरपण टाकलंय तिथं."

हे ऐकून यांनी माझ्याकडं पाहिलं. बघ, पडली नाहीच, असं त्यांना म्हणायचं असावं. पण ते उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेले.