मधात पदर नाई पाहिजे

"पदर बाजूले कर अन् उघडा हात ठेव. या टायमाले मधात पदर नाई पाहिजे."

ज्यायच्या वावरात आम्ही कापूस वेचतो ते अण्णाजी पहिल्या बाईले असं म्हणाले. त्यायच्या अंगणात आम्ही गावाबाहेरच्या पुऱ्यातल्या बाया रांगीनं उभ्या होतो. कपाशीच्या वावरातून तशाच बोलावलेल्या, कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस तसाच. अण्णाजीचे पांढरे केस गुलालानं लाल झालते. स्टुलावर हळद-कुंकू लावलेला नारळ. बाजूले त्यायचा दिवाणजी, हातात कागद घेऊन.

त्याच दिवशी मतमोजणी झालती. अण्णाजीचाच माणूस आमदार झालता. मोठ्या गावात फटाके फुटून राह्यले होते. मंग आमच्यावर राग काऊन? तर दिवाणजी मोजणीच्या टेबलाजवळ बसलता अन् एकेका मशीनचा आकडा लिहून घेऊन आलता. आमच्या शाळेत दोन खोल्यांत मतदान होते. एक खोली मोठ्या गावाची, दुसरी आमच्या पुऱ्याची. आमच्या खोलीत अण्णाजीचा माणूस मागं पडला. मत गुप्त राह्यते म्हणतात. एका माणसाचं राहत असंल. आमच्या पुऱ्याचं कुठचं गुप्त, सगळं त्या कागदावर होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी हाच दिवाणजी नारळ घेऊन आमच्या दारात आलता. मारुतीच्या देवळातला नारळ. माह्या सासऱ्याले जल्मभर ज्या देवळाची पायरी चढू देली नाई, तिथला देव आमच्या दारात आला, मत पाहिजे होतं म्हणून. हात ठेवा, आमच्याच माणसाले मत देऊ अशी शपथ घ्या, तरच वेचणीले येजा म्हणे. ऐन वेचणीचे दिवस. आम्ही ठेवले हात. पण माह्या शेजारच्या बेबीमावशीनं हात अन् नारळाच्या मधात हळूच पदर घेतला. आमच्या इकडच्या म्हाताऱ्या बाया असंच करतात. मधात पदर असला की शपथ लागत नाई म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मत देऊन येताना मावशी माह्या कानाशी लागली. "पोरी, मी माह्या मनानं देलं." दात नाई तोंडात, पण कशी हासली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिले काही विचारलं होतं अन् तिनं स्वतःच्या मनचं सांगितलं होतं. ते पदराचं कोणीतरी अण्णाजीच्या कानावर घातलं, पण कोणी घेतला ते नाव नाई सांगितलं.

रांग पुढं सरकत होती. एकेक बाई उघडा हात ठेवे अन् म्हणे, तुमच्याच माणसाले देलं. खरी कोण, खोटी कोण, मले काय ठाऊक. ज्या दोघींची जीभ अडखळली त्याहिले दिवाणजीनं चपलांजवळ बसवलं. अण्णाजी त्याहिच्याकडं पाहून म्हणाले, "खाल्ल्या ताटात हागणारी जात तुमची." त्या मान खाली घालून बसल्या. रांग एक पाऊल पुढं सरकली. मीही सरकली.

माह्या मागं बेबीमावशी होती. तिनं माह्या ओटीचं टोक घट्ट धरलं होतं. देवाच्या नारळावर उघडा हात ठेवून ही म्हातारी खोटं बोलणार नाई, हे मले पक्कं माहीत होतं.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाले सांगितलं नाई. मी मत अण्णाजीच्याच माणसाले देलं होतं. भेवून. मशीनपुढं उभी होती तरी वाटे, दिवाणजी मागून पाहून राह्यला. मनात दुसरं होतं अन् बोटानं त्यायचं बटन दाबलं. म्हणजे मले काय, हात ठेवायचा अन् खरं तेच सांगायचं. सुटली असती मी. हात अर्धा पुढं गेलताही.

"पोरी, मले खोटं नाई बोलता येत वं," मावशी मागून पुटपुटली.

मी हात मागं घेतला.

"मी नाई ठेवत."

"काऊन?"

"मत माहं आहे. सांगत नाई."

लुगड्यात मूत उतरलं, खरं सांगते, अन् ते त्या अंगणात सगळ्याहिले दिसलं. दिवाणजी हासला. अण्णाजी हासले नाई.

"म्हणजे पदर घेणारी तूच ती."

नाई म्हणता आलं असतं. मी गप राह्यली.

"ओटी सोड तिथंच. उद्यापासून माह्या वावराच्या धुऱ्यावर पाय ठेवू नको."

मी ओटी सोडली, कापूस तिथंच सांडला, अन् मावशीचा हात धरून फाटकाबाहेर आली. माह्या मागून चपलांजवळच्या त्या दोघी उठून आल्या. बाकीच्या उभ्याच राह्यल्या. त्याहिले मी नावं ठेवत नाई. मी काही येगळी नव्हती.

आता मी अन् मावशी तळेगावकडं दुसऱ्याच्या वावरात जातो. चालून चालून मावशीचे पाय सुजतात. दिवाणजीच्या फटफटीचा आवाज आला की आजही माहे हात गार पडतात. भेव गेलं नाई, अन् जाईन असं मले वाटतही नाई.

पुढच्या मतदानाले नारळ घेऊन ते पुन्हा येतीन. तवा मी हातही ठेवणार नाई अन् मधात पदरही घेणार नाई. सगळ्याहिच्या देखत नाई म्हणीन. मंग शाळेच्या त्या खोलीत जाऊन, बोट थरथरलं तरी चालंल, पण माह्या मनातलंच बटन दाबीन. एक मत मी भेवून देलं. दुसरं देत नाई.