बिब्बा आणि सेंटर हाफ

रेल्वेच्या लोणावळ्यातल्या इंजिन शेडच्या टीममधून आमचे हे चौदा वर्षं फुटबॉल खेळले. जागा सेंटर हाफची, म्हणजे मैदानाच्या मधोमध. लग्न होऊन कुसगावात आले तेव्हा मला खेळातलं एवढंच कळलं, की पुढचे गोल घालतात, मागचे गोल वाचवतात, आणि माझा नवरा मधल्या मध्ये पळत असतो.

"तुमी गोल किती घातले?" मी एकदा विचारलं.

"एक बी न्हाई."

"मग अडवले किती?"

"ते गोलकीपराचं काम."

भाकरी थापता थापता मी ठरवून टाकलं, की माणूस गुणी आहे, पण टीममध्ये त्याला कुणीतरी दयेपोटी ठेवलेलं आहे. माझं वय पंधरा होतं आणि अक्कल वयापेक्षाही लहान.

पण आमचं पोट त्या मधल्या पळण्यावरच होतं. हे शेडमध्ये खलाशी. इंजिनं पुसायची, राख ओढायची, तेही हंगामी. श्रावण संपला की हंगामी माणसं कमी करणार होते. कायम होणार फक्त एक जण, आणि त्या जागेवर दोघांचा डोळा. एक हे, दुसरा यांच्याच टीममध्ये उजवीकडून पळणारा एक गडी. शेडचा गोरा साहेब खेळाचा वेडा. रविवारी पुण्याच्या पलटणीशी मॅच होती. ती बघून ठरवतो, असं त्याने दोघांना तोंडावर सांगितलं. घरी भाताची दोन खाचरं आणि खाणारी सात माणसं. रविवार म्हणजे काय, हे मलासुद्धा कळत होतं.

गुरुवारी सरावात एका गोऱ्या फिटरचा बूट यांच्या उजव्या पायावर पडला. आपली मंडळी अनवाणीच खेळत. पाऊल वरून टम्म सुजलं. सासूबाई लेकीकडे आंबीला गेलेल्या, त्यामुळे घरात शहाणी मी एकटीच.

माझं माहेर तिकोणा पेठेचं. तिकडे टाचेत काटा मोडला, भेगा पडल्या, की आई बिब्बा घाली. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, आणि सुटलेल्या तेलाचा कढत ठिपका दुखऱ्या जागी द्यायचा. मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे आलंच, असा माझा हिशेब.

"आय आल्यावर बगू," हे म्हणाले.

"का? मला हात न्हाईत व्हय? दोनच ठिपके घालते."

यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी दोन घातले. सूज मोठी वाटली म्हणून आणखी दोन. मग रांग वाकडी दिसली, ती सरळ करायला तीन.

शुक्रवारी ठणका कमी झाला. मी शेजारणींपुढे मिरवून घेतलं. शनिवारी सकाळी बिब्बा उतला. पावलाच्या वरच्या अंगाला, चेंडू जिथे बसतो बरोबर तिथे, पाण्याने भरलेले टपोरे फोड.

"दोन म्हनली व्हतीस," हे म्हणाले. "मोज."

मी मोजले नाहीत. दुपारी सासूबाई आल्या, त्यांनी पाय पाहिला आणि डोक्यावरचं गाठोडं तिथेच टाकलं.

"अगं, टाचंला घालत्यात बिब्बा! तितं कातडं म्हशीचं असतं. वर कशाला घातलास? उद्या काय तू खेळनार हैस?"

मग ओलं खोबरं वाटून लावलं, तीळ वाटून लावले. आग थोडी निवली, फोड तसेच राहिले. खेळू नकोस, असं सासूबाई एकदाच म्हणाल्या. रविवारी यांनी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी पायाला गुंडाळली आणि निघाले.

मी मागून गेले. मैदानाच्या कडेला शेडच्या चाळीतल्या बायका इरली घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यात शिरले. धुकं इतकं, की पलीकडचा गोलखांब मध्येच नाहीसा होई. पलटणवाले सगळे बूटवाले. त्या काळी खेळाडू बाहेर गेला की त्याच्या जागी दुसरा येत नसे. हे बसले असते तर टीम दहा जणांची झाली असती आणि नोकरी दुसऱ्याची.

एरवी पायाशी चेंडू आला की हे तो लांब, उंच उडवायचे. लोक टाळ्या पिटायचे, मीसुद्धा. त्या दिवशी उडवायला पाऊलच नव्हतं. चेंडू आला की पायाच्या आतल्या बाजूने हलकेच शेजारच्याला देत होते. परत आला की परत देत होते. मला ते घरी सुपात तांदूळ पाखडल्यासारखं वाटत होतं. लोकही ओरडत होते, "मार की लांब!"

तेवढ्यात एक बूट त्या पट्टीवर बसला. हे खाली बसले. मी मैदानाकडे पाठ केली.

"मावशे, उठले का?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"न्हाई."

"आता?"

"गप गं. पट्टी लाल झालीया." मग तिने माझा खांदा हलवला. "उठला. पळतोय बग."

वळून पाहिलं तर चेंडू यांच्याचकडे होता आणि उजवीकडे तो दुसरा गडी हात वर करून पळत सुटला होता. मी तोंडावर पदर धरायचं विसरून ओरडले, "त्याला नगा देऊ!" साऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. यांनी चेंडू त्यालाच दिला. त्याने गोल घातला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि हे मधोमध एका पायावर उभे.

आपण एका गोलने जिंकलो. घरी मी चूल पेटवली नाही. नोकरी गेली, ती माझ्या सात ठिपक्यांनी गेली, हे मला पाठ झालं होतं.

सोमवारी हे लंगडत शेडवर गेले आणि संध्याकाळी निळ्या कापडाचा गठ्ठा घेऊन आले. कायम माणसांना मिळे ते कापड. साहेब म्हणाला होता, गोल कुणीही घालील, मला टीम चालवणारा पाहिजे. आणि तू आजवर चेंडू उडवत होतास, काल पहिल्यांदा सेंटर हाफसारखा खेळलास. पुढची सगळी वर्षं हे तसेच खेळले. त्यात माझ्या बिब्ब्याचा वाटा किती, हा विषय मी काढला की सासूबाई उठून जात.

पण त्या संध्याकाळी हे हसले नाहीत. दुसऱ्या गड्याला शेडमधून कमी केलं होतं.

"त्येचा गोल व्हता," हे म्हणाले.

"मग दिलात कशाला त्याला चेंडू?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

यांनी पायाची पट्टी सोडायला घेतली. "मोकळा व्हता त्यो," म्हणाले.