महादेवाला वाहिलेले शंख

टेकाळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पालथे पडले होते. माकणीच्या धरणाचं पाणी चढलं तशी आमची महादेवाची टेकडी चहूबाजूंनी वेढली जाऊन तिचं बेट झालं. नवी सून असताना मी तिथं चालत जायची, आता होडीतून जाते. त्या सकाळी पाण्यावर धुकं होतं आणि देवळामागच्या पाचोळ्यात एक माणूस निजलेला. नवसाचं लोटांगण असेल म्हणून थांबले, पण माणूस हलेना.

"अहो पावणं, नवस फेडताय का जीव गेलाय?"

"हळू, आक्का. पाय उचलू नका," जमिनीतून आवाज आला. "तुमच्या टाचेजवळ एक घर आहे."

घर म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा शंख. त्यातली गोगलगाय शिंगं काढून गाव बघायला निघालेली.

आज सरांची पंचाहत्तरी. त्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पुस्तकं लिहिली. त्याविषयी त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी सांगते ते माझ्या डोळ्यांदेखतचं, नात लिहून घेते. सर चार काटक्या रोवून सुतळीची चौकट करायचे. आतलं एकेक पान उचलून खाली बघायचे आणि होतं तसंच, त्याच कुशीवर परत ठेवायचे. झोपल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसं. वर्षानुवर्षं तेच बेट, त्याच चौकटी.

गावाला वाटलं, हा जमीन मोजायला आलाय. "गोगलगाय अन् पोटात पाय, दुसरं काय!" म्हणायचे लोक. म्या ते सरांना तोंडावर सांगितलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "आक्का, तिचा पाय खरंच पोटाला असतो. बिचारी लपवत काहीच नाही."

माझा मोतीबिंदू काढला तेव्हा लेकीच्याही आधी सर भेटायला आले. फळं नाहीत, बिस्किटं नाहीत, खिशातून भिंग आणि एक इवला शंख काढला. पट्टी सुटल्यावर मी जे पहिलं नीट पाहिलं ते शंखाचं बंद दार, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. "उन्हाळाभर ही अशी दार लावून झोपते," सर म्हणाले. पुढं बेटावर गेले तर पाय टाकवेना. दगडाखाली, मुळाशी, पानाआड सगळी टेकडी निजलेली आणि मी एकटीच जागी, असं वाटत राहिलं. ते वाटणं अजून गेलेलं नाही.

"बेट लहान आहे, आक्का," सर सांगायचे. "इथली संपली तर पुन्हा यायला हिला शेजारच नाही."

हे ठाऊक असून मी नको ते केलंच. तीन वर्षांमागं शेतात मुठीएवढ्या शंखी गोगलगायी आल्या आणि सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त झाली. गावानं वेचून मिठाच्या पाण्यात टाकायचं ठरवलं. माझी बादली भरली तो नेमका श्रावणातला सोमवार. पाठीवर शंख असलेला जीव महादेवाच्या वारी मारायचा कसा? म्हणून बादली होडीत घालून बेटावर नेली आणि देवळामागं मोकळी केली. वर हात जोडले.

देवळातल्या गुरवानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "म्हातारे, महादेवाला शंखाचं पाणीसुदीक चालत न्हाय, अन् तू तर बादलीभर शंख वाहून आलीस!"

पुढच्या खेपेला सरांच्या चौकटीत एक थोरली सापडली. "ही पाला, पाचोळा सगळं खाईल. बारक्यांना काय उरणार?" एवढंच बोलून ते दगडावर बसून राहिले. आठ दिवस मी गप्प होते. पोटातले पाय माझेच निघाले. नवव्या दिवशी सांगितलं.

सरांनी भिंग खिशात ठेवलं. मग विचारलं, "आक्का, ती बादली आहे ना अजून?"

लोक म्हणाले, औषध टाका, एका दिवसात साफ. सर म्हणाले, त्यानं बारक्याही जातील, हातानंच वेचायच्या. थोरल्या गोळा व्हाव्यात म्हणून गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं अंथरली, मातीतून साबुदाण्यासारखी अंडी उकरली. दोन पावसाळे गुडघे धरत, कण्हत आम्ही दोन म्हातारी वेचत राहिलो. बादलीत मीठ टाकायची वेळ आली की सरांचा हात थांबायचा. जन्मभर ज्या जिवाचं पांघरूण सारखं केलं, त्यालाच बुडवायचं. म्या बादली ओढून घेतली.

"तुम्ही तिकडं बघा, सर. पाप माझं, बादली माझी."

त्या दिवशीही सोमवारच होता.

गेल्या पावसाळ्यात थोरली एकही दिसली नाही. चौकटीत बारक्या होत्या, शिंगं काढून. मी विचारलं, "सुटले का मी?" सरांनी नाही म्हणून मान हलवली. "अजून एक पावसाळा थोरलीविना जाऊ दे, आक्का. थोरलीही दार लावून झोपते. आत्ताच कसं सांगू?"

तेव्हा महादेवाकडं माझं मागणं साधं आहे. सरांचे गुडघे, डोळे आणि भिंग शाबूत ठेव. सर, गोगलगायीसारखं दार लावून झोपायची घाई तुम्ही करायची नाही. मी सुटले की नाही, ते तुमच्याच तोंडून ऐकायचंय. येत्या पावसाळ्याची होडी सांगून ठेवली आहे.