लोहगरुडचा मंठ्यातला शेवट

आज सकाळी भास्कर गेला. आणि मला राहून राहून हसू येतंय.

हे बरं दिसतं का, माहीत नाही. त्याला चाललं असतं.

मंठ्याच्या स्टँडजवळ सलीमचाचांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता चाचा कॉमिक्स भाड्यानं द्यायचे. हिंदी कॉमिक्स, जालन्याच्या एसटीनं यायची.

चाचांना उर्दू वाचता यायचं, देवनागरी नाही. म्हणून नवा अंक आला की भास्कर आधी वाचायचा आणि दुकानापुढं उभं राहून रिव्ह्यू द्यायचा.

नियम एकच. शेवट सांगायचा नाही.

आम्ही अकरावीत होतो तेव्हा 'लोहगरुड'चा शेवटचा भाग आला. बाजाराचा दिवस. दुकानापुढं सगळी पोरं.

भास्कर वाचत गेला. आणि थांबला.

शेवटची पानंच नव्हती. लोहगरुड आभाळातून खाली पडतोय, तिथंच अंक संपला होता.

"क्या हुआ रे? मरता क्या?" चाचांनी विचारलं.

भास्करनं अंक मिटला आणि पहिल्यांदाच नियम मोडला.

"चित्रं एक नंबर. व्हिलन जरा कच्चा. आता शेवट ऐका. लोहगरुड पडला तो थेट कापसाच्या वावरात. पंख मोडलेला. तिथं एक बाई वेचणी करून राह्यली. ती म्हणते, ऊठ रे बाबा, कापूस तुडवू नको. आधी पाणी पी. तो पाणी प्याला, उठला, अन् उडाला!"

शिट्ट्या, आरडाओरडा!

(नेमके हेच शब्द होते का? शपथ घेणार नाही. पण कापूस होता, हे नक्की.)

मग एकेकानं तो अंक घरी नेला. पानं नाहीत हे प्रत्येकाला दिसलं. तक्रार एकाचीही नाही. शेवट तर ऐकला होता!

पुढं मी कॉलेजला औरंगाबादला गेलो. तिथं मला पूर्ण अंक मिळाला.

त्यात लोहगरुड मरतो.

दिवाळीत तो अंक घेऊन मी थेट दुकानात. सत्यासाठी, की भास्करची जिरवायला? अजून ठरवता येत नाही.

भास्करनं पानं पाहिली. चेहरा उतरला.

"मंग काय करायचं होतं मी? आभाळातच लटकत ठेवायचं होतं का त्याला?"

चाचांनी माझ्याकडून शेवट वाचून घेतला. शांतपणे ऐकला. मग अंकाच्या पिना उचकटल्या, ती पानं अलगद काढली आणि त्यांना ग्रीसचे हात पुसले.

"छापनेवाले से गलती हुई. अब बराबर है."

आणि अंक दोरीला टांगला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही. भास्कर असा ताठ उभा, जणू पंख त्यालाच होते.

चाचा गेले, दुकानही गेलं. मागच्या महिन्यात दवाखान्यात भास्करला म्हटलं, "दे की रिव्ह्यू."

"नर्स एक नंबर. डॉक्टर जरा कच्चा."

"आणि शेवट?"

"शेवट सांगायचा न्हाई. नियम हाय."

आज फोनवर शेवट कळला.

मला तो मान्य नाही, भास्कर. छापणाऱ्याची चूक झाली. पानं काढायला चाचा नाहीत, म्हणून मीच काढतोय.

मंठ्याच्या पहिल्या समीक्षकाला त्याच्या जुन्या श्रोत्याचा मनापासून नमस्कार.

ऊठ रे बाबा, कापूस तुडवू नको.

पाणी पी.

अन् उड.