फुलांचा म्हणून सांगितलेला रंग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — तिला तर मुळीच नाही. तुम्ही परके, म्हणून आधी तुम्हाला.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. मालवणात मी इंग्रजीचा नवा मास्तर. घरी विधवा आत्या — कडक शाकाहारी, आणि खोबऱ्याच्या वड्या करण्यात पटाईत. शेजारच्या बस्त्यावने गोव्याहून खायच्या रंगाची बाटली आणून दिली. आत्याने ती माझ्यापुढे धरली.

"हेच्यार काय लिवलांहा रे? माका चलात मां?"

वर 'कार्माइन', खाली 'क्रिमसन'. दोन्ही शब्द मला नवे. पण इंग्रजीच्या मास्तराने 'ठाऊक नाही' म्हणायचं — आणि तेही आत्यासमोर?

"फुलांचो रंग, आत्ये."

दुसऱ्या दिवशी शाळेत शब्दकोश उघडला. दोन्ही शब्द एकाच घरचे निघाले. कार्माइन म्हणजे किडे वाळवून, वाटून काढलेला लाल रंग. क्रिमसन म्हणजे तसलीच गडद लाल छटा. दोघांचं मूळ अरबीतलं 'किर्मिझ', म्हणजे तो रंग देणारा किडा. त्याच्याही मागे आपलं संस्कृत 'कृमिज' असावं — किड्यापासून झालेलं. आपण किरमिजी म्हणतो, तेही तिथलंच.

घरी आलो तर लाल वड्यांचं ताट तयार. आत्याने एक तोंडात टाकलेली. आता काय सांगणार? मीही एक उचलली.

इथवर हसून सोडता आलं असतं. पण —

एका सोमवारी सुशीला, माझी नवी बायको, मागीलदारी सुका बांगडा भाजून खाताना सापडली.

"सोमवारी जीव खातंस गो?" आत्या म्हणाली. "माझ्या चुलीकडे येव नको."

सुशीला पावसाळाभर पडवीत वेगळी जेवली. वाढून घेताना माझ्याकडे बघायची. मी एक वाक्य बोललो असतो तर? आत्याचं सोवळं बुडालं असतं, आणि माझी मास्तरकीही. म्हाताऱ्या बाईची दया आली म्हणून गप्प राहिलो, असं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं. मास्तरकीसाठी राहिलो.

बरं, नुसता गप्प तरी? आत्याने सुशीलेदेखत विचारलं, "बाबू, तूच सांग, माझां काय चुकलां?"

"नाय, आत्ये," मी म्हणालो. तोंडात तीच लाल वडी होती.

आत्या गेली, शेवटपर्यंत निष्कलंक. सुशीला शेजारच्या खोलीत आहे. हे कागद आता तिच्या हातात देणार आहे. ती वाचत असेल तोवर मी समोरून उठणार नाही.